आईचा दुसरा डोस

माझा भाऊ सुयश सातपूरला कंपनीत मशिनवर आहे. शिकलेला आहे, बावळट नाही, हे आधीच सांगून ठेवते. गल्लीतले त्याला अडाणी म्हणून मोकळे झालेत, कारण दवाखान्यातून घरी आणल्यापासून लेकीला त्यानं एकही लस टोचू दिली नाही. आता मागच्याच गल्लीत गोवर निघाला आणि पोरगी जेमतेम दहा महिन्यांची. माझी भावजय पायल रडून रडून थकली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमची आई, भिमाबाई, गेली. तिचा एकच डोस झाला होता. सगळ्या घराची लसीची नोंदणी सुयशच्या मोबाईलवर. आईचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, होऊन गेलं, पावसाळा सरत आला, आणि एका दुपारी जेवताना त्याला मेसेज आला: भिमाबाईंचा दुसरा डोस यशस्वीरीत्या पूर्ण झाला. त्यानं वाचलं, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि ताटातला भात संपवला. भांडायला गेला नाही, रडलाही नाही. मी म्हटलं, "अरे, काहीतरी बोल."

"काय बोलू, ताई?"

तेव्हापासून तो असाच. ज्यानं ते नाव चढवलं ना, त्याच्या कानाखाली मला अजूनही द्यायचीय.

परवा लसीकरणाचा दिवस होता. मीच त्याला ओढत अंगणवाडीत नेलं. लेक त्याच्या कडेवर. लस टोचणाऱ्या योगिनी सिस्टरांपुढे त्यानं तो जुना मेसेज धरला. आवाज सपाट. "तुमच्यात मेलेल्या माणसालाही डोस देतात. हिला खरंच दिला, हे मी कशावरून मानू?"

मला वाटलं, आता बाई खेकसणार. त्यांनी मेसेज वाचला, फोन परत दिला.

"हे खोटं आहे. तुमच्या आई आल्या नव्हत्या. कुणीतरी आकडा भरला असणार. मला ते पुसता येणार नाही."

"परत म्हणा."

"तुमच्या आई आल्या नव्हत्या."

इतक्या वर्षांत सरकारी माणसाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं आम्ही. सुयशनं लेकीच्या झबल्याची बाही वर केली. बाटली फोडण्यापासून सुई बाहेर येईपर्यंत त्यानं पापणी हलवली नाही. पोरगी किंचाळली, मग हुंदके देत त्याच्या खांद्यावर पडली.

अर्धा तास बसायला सांगितलं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"लसीचा मेसेज असेल, बघ तरी," मी म्हटलं.

त्यानं फोन काढला नाही. लेकीच्या दंडावरचा कापूस अंगठ्यानं धरून होता.

"कशाला? मी बघितलंय ना. पुढच्या वेळेलाही मीच आणीन."