परक्या पिराचा नवस

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी आई म्हणायची. लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा वाटलं, आता भिजेल. इथे सांगायला आहे कोण? पण ऐंशीच्या दशकात कॅरी गावाच्या आसपास आमची जी बारा-पंधरा मराठी घरं होती, ती दर शनिवार-रविवारी कुणाकडे तरी जमायचीच. इंजिनियर, डॉक्टर, त्यांच्या बायका आणि मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी मुलं. अशा ठिकाणी किस्से रंगवून सांगणारं एक माणूस लागतं. ते मी होते. मला ते फार आवडायचं, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

त्यातल्याच एका घरातली बाई माझी मैत्रीण होती. माझ्याहून चार वर्षांनी लहान, सोलापूरकडच्या खेड्यातली, आणि बोलणं इतकं कमी की ती पार्टीला आली होती की नाही, यावर दुसऱ्या दिवशी वाद व्हावा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिचा नवरा सगळ्यांना सांगायचा, आम्हाला आधी जग बघायचंय, किड्स आमच्या प्लॅनमध्येच नाहीत. आम्ही बायका त्याच्यापुढे माना डोलवायचो आणि तिच्यामागे हळहळायचो. दोष तिच्यातच असणार, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. मग कुणी तिला पुण्याच्या वैद्यांचं चूर्ण मागवून देई, कुणी सोळा सोमवार करायला सांगे. मीही सांगत होते. ती सगळं ऐकून घ्यायची.

तर जग बघायचं म्हणून एका वसंतात आम्ही दोन जोडपी, ती दोघं आणि आम्ही दोघं, स्पेन-मोरोक्कोच्या टूरला गेलो. मुलांना सांभाळायला पुण्याहून सासूबाई आल्याच होत्या. माराकेशला पोचल्यावर टूरवाल्यांनी बजावलं होतं की कच्ची कोशिंबीर खाऊ नका. अमेरिकन मंडळींनी ऐकलं. आमच्या दोन्ही नवऱ्यांनी ऐकलं नाही. आम्ही भारतात वाढलोय, आम्हाला काय होतंय, असं म्हणून दोघांनी भरभरून काकडी-टोमॅटो खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी दोघंही हॉटेलच्या बाथरूमपासून दहा पावलांच्या पलीकडे जाऊ शकत नव्हते. त्या दिवशीची समुद्रावरची सहल ठरलेली होती. शेवटी आम्ही दोघीच गेलो.

बसमध्ये वीसेक अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या आणि एक गाइड. पोट सुटलेला, पन्नाशीचा, अंगात पायघोळ झगा आणि पायात बास्केटबॉलचे बूट. आम्ही हिंदुस्थानच्या म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याला हिंदी सिनेमाची गाणी पाठ होती, अर्थ एकाही शब्दाचा ठाऊक नव्हता. तो माइकवर गायला लागला. मी मोठ्यानं साथ दिली. माझी मैत्रीण मात्र खिडकीशी बसून हळूच त्याचे चुकलेले शब्द दुरुस्त करायची. झालं, त्यानंतर दर दहा मिनिटांनी तो मान वळवून तिलाच विचारायला लागला, या ओळीचा अर्थ काय, त्या ओळीचा काय. तीन तासांच्या रस्त्यात त्यानं मला एकदाही काही विचारलं नाही. एका ढेरपोट्या गाइडनं माझ्याऐवजी तिच्याकडे बघितलं म्हणून मला राग आला, हे लिहिताना आज लाज वाटते. पण राग आला होता, आणि तो मी जपून घरी आणला.

वाटेत झाडांवर चढून पाला खाणाऱ्या शेळ्या दिसल्या. बस थांबली, सगळ्यांनी फोटो काढले. मग एसाविरा, समुद्रकाठचं गाव. वारा इतका की पदर हातात धरूनच चालावं लागे. बंदरात निळ्या होड्या आणि धक्क्यावर ओळीनं निखाऱ्याच्या चुली. तिथे ताजे तारले मासे भाजून देत होते. आमच्या घरी चातुर्मासात लसूणसुद्धा चालत नाही. मी सहा तारले खाल्ले. वर त्या उरलेल्या डोक्या-काट्यांच्या ताटलीचा फोटोही काढला. सासूबाईंना कळलं तर मला वेगळं ताट मांडतील, असं मी तिला म्हटलं. ती पाव आणि संत्रं खात होती. म्हणाली, मी कशाला सांगू?

परतताना गावाबाहेर समुद्रालगत एक पांढऱ्या घुमटाची लहानशी कबर लागली. गाइडनं सांगितलं की कुणा साधुपुरुषाची आहे. मूल हवं असलेल्या बायका इथे कापडाची चिंधी बांधतात, आणि मूल झालं की त्याला घेऊन परत यावं लागतं. अमेरिकनांनी खिडकीतूनच बघून घेतलं. माझी मैत्रीण उठून उभी राहिली. तिच्या गावाच्या वेशीवर पीर होता. तिच्या आईनं त्याला नवस बोलल्यावर तिचा भाऊ झाला होता, आणि दर गुरुवारी त्यांच्या घरून तिथे दिवा जायचा. तिच्या दृष्टीनं यात नवल काही नव्हतं. पीर तो पीर. तिनं गाइडला विचारलं, मी गेले तर चालेल का? त्यानं ड्रायव्हरला बस थांबवायला लावली.

ती बूट काढून अनवाणी वाळूतून गेली. वाऱ्यानं साडी गुडघ्यापर्यंत उडत होती. पदराचा काठ दातांनी टरकावून तिनं चिंधी काढली, कबरीच्या जाळीला बांधली आणि उंबऱ्यावर डोकं टेकलं. ती पदर फाडत होती तेव्हाच बसमधले लोक घड्याळं बघायला लागले, तशी मी तिला बोलवायला उतरले. पण फोटो चांगला येईल असं वाटलं, म्हणून आधी कॅमेरा डोळ्याला लावला.

परतीच्या वाटेवर ती माझ्याकडे सरकून बोलली.

"मूल झालं की इथे घेऊन येईन, असं बोललेय. तू कुणाला सांगू नकोस हं. ह्यांनासुद्धा नाही. लोकांत हा विषय निघाला की ह्यांना फार जड जातं."

मी तिचा हात हातात घेतला आणि माझ्या मुलांची शपथ घेतली.

महिन्याभरानं स्लाइड्स धुऊन आल्या. त्या काळी कुणी फिरून आलं की स्लाइड-शो व्हायचाच. रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये भिंतीवर चादर लावली, पडदे ओढले. वर स्वयंपाकघरात प्रत्येकीनं आणलेला एकेक पदार्थ मांडून ठेवला होता. पंचवीसेक माणसं खाली गालिच्यावर आणि घरातल्या एकुलत्या एका आरामखुर्चीत सासूबाई. स्लाइड्स माझ्या नवऱ्यानं भरल्या होत्या. तो इंजिनियर, एकही स्लाइड गाळणं त्याला जमलं नसतं. बोलायचं काम माझं असल्यामुळे रिमोट माझ्या हातात होता.

शेळ्यांनी बहार आणली. मुलं ओरडली, नो वे, दॅट्स फेक. मी गाइडची नक्कल केली, बास्केटबॉलच्या बुटांवर लोक पोट धरून हसले. आणि पुढच्या स्लाइडला चादरभर तारल्यांची डोकी. ही स्लाइड मी साफ विसरले होते.

"हे कुणाचं गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी अंधारात रिमोटचं बटण चाचपायला लागले. तेवढ्यात मागून माझ्या मैत्रिणीचा आवाज आला, "माझं, काकू."

सासूबाई "अस्सं" म्हणाल्या. तिनं केलेल्या खिरीला त्यांनी नंतर हात लावला नाही. खोलीतलं हसू मात्र एकदम बसलं. मी घाईनं बटण दाबलं आणि कबर आली. अर्धवट पाठमोरी ती, गुडघ्यापर्यंत उडालेली साडी, दातात पदर.

आणखी एकदा बटण दाबलं असतं तर ती स्लाइड गेली असती. पाव सेकंदाचं काम होतं. मी दाबलं नाही. तिनं नुकतंच मला वाचवलं होतं, पंचवीस माणसांत माझी घाण आपल्या अंगावर घेतली होती, आणि ते उपकार मला टोचत होते. त्यात बसमधला तो राग होताच. आणि खरं म्हणजे मला ते गेलेलं हसू परत हवं होतं. ही काय करतेय, असं कुणीतरी विचारलं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी म्हटलं, अहो, हा नवस चाललाय. सोलापूरचे देव झाले, ड्यूक हॉस्पिटलचे डॉक्टर झाले, आता मोरोक्कोच्या पीरबाबांचं सेकंड ओपिनियन.

खोलीत हशा फुटला. आमच्यातले एक डॉक्टर काका म्हणाले, इन्शुरन्स कव्हर करतो का विचारलंत? दुसरं कुणी म्हणालं, नवस फेडायला तिघांची तिकिटं काढावी लागणार. मी साडी दातात धरण्याची नक्कल करून दाखवली. सगळ्यांत मोठ्यानं तिचा नवरा हसत होता. आपल्याला पत्ताच नाही यार, असं म्हणून मांडीवर थापा मारत होता. मी त्याच्याकडे बघून आणखी रंगवत गेले. तिच्याकडे बघितलं नाही.

दिवे लावले तेव्हा ती खोलीत नव्हती. वर गेले तर सिंकपाशी उभी राहून दुसऱ्यांची भांडी घासत होती. चेष्टा होती गं, असं मी म्हटलं. तिनं नळ बंद केला. रडत नव्हती. ती रडत असती तर मला सोपं गेलं असतं.

"माझ्यात काही नाहीये," ती म्हणाली. "दोष ह्यांच्यात आहे. चार वर्षांपूर्वीच टेस्ट केल्या. मला सगळ्या जणी काय काय सुचवतात, मी ऐकून घेते, ते ह्यांच्यासाठी. आज खाली किती हसले बघितलंस ना? आता घरी जाऊन दोन दिवस जेवायचे नाहीत. म्हणून सांगतेय, हा विषय ह्यांच्यासमोर परत काढू नकोस."

तिनं मला गप्प करायला तेवढं सांगितलं. माझ्यासारखीला गप्प करायचा हा मार्ग नव्हे, हे त्या सरळ बाईला कळलं नाही. जिनं शपथ मोडली तिच्यावरच तिनं दुसऱ्यांदा विश्वास टाकला, कारण नवऱ्याला वाचवायचा दुसरा उपाय तिला दिसत नव्हता.

मी आठ दिवस गप्प बसले. मग फोनवर एका मैत्रिणीनं तिला बिचारी वांझ म्हटलं, आणि मी म्हणाले, तसं काही नाही हं, खरं तर त्याच्यातच... तिची बाजू घेतेय असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. बातमी चविष्ट होती आणि ती माझ्याकडेच होती. मी फक्त एकीलाच सांगितलं. गोष्ट षट्कर्णी व्हायला तेवढं पुरतं.

उन्हाळ्यातल्या पिकनिकला त्याच डॉक्टर काकांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि एका स्पेशालिस्टचं नाव सुचवलं. त्यांचा हेतू चांगला होता. तो हातातली प्लेट टेबलावर ठेवून सरळ गाडीत जाऊन बसला. ती मागोमाग गेली. आपला डबा न्यायलाही थांबली नाही. दोन महिन्यांत त्यानं डॅलसला नोकरी धरली आणि घर विकायला काढलं.

जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मी आधीच रडायला सुरुवात केली. तिनं माझं रडणं संपू दिलं.

"मी सांगितलं असं हे म्हणतात," ती म्हणाली. "आणि खरंच की, मीच सांगितलं ना तुला."

मी म्हटलं, मी त्याच्याशी बोलते, सगळं माझ्यावर घेते. तिनं नको म्हटलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं नको म्हटल्याचं मला केवढं बरं वाटलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या तोंडात भिजलेला तो एवढा एकच तीळ.

पुढे चार-पाच वर्षांनी डॅलसकडच्या एक काकू कुणाच्या तरी लग्नासाठी आमच्याकडे उतरल्या. जेवताना माझ्या मैत्रिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव निघालं. काकू म्हणाल्या, एका घरात राहतात, पण तो तिच्याशी कामापुरतं बोलतो. कुणाकडे येत नाहीत, जात नाहीत. मूल नाही. तिनं म्हणे नवऱ्याचं नको ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्यात होते ना गं ते? खरंच तिनं असं गावभर केलं?"

माझा नवरा जेवायचा थांबला. त्याला सगळं ठाऊक होतं. माझी मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची, माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "जरा बोलकीच होती ती." आणि काकूंना आणखी भाजी वाढली.