राष्ट्रप्रमुखाची रिकामी जागा

वडील गेले त्याच्या आधी महिनाभर मी पुण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात बसून चार देशांच्या राज्यघटना वहीत उतरवत होतो. अमेरिका, आयर्लंड, आपली आणि इंग्लंडची. इंग्लंडची शोधायला दोन दिवस कपाटं पालथी घातली, तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "अहो, ती एका पुस्तकात लिहिलेलीच नाही!" सगळे खो खो हसले. वर्गापुढे बोलायला प्राध्यापकांनी मला विषय दिला राष्ट्रप्रमुखाचा.

वडील दापोडीजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. छातीत कळ आली आणि संपले. तिसऱ्या दिवशी चुलते म्हणाले, "सायबाशी बोललोय. बापाची जागा पोराला देतो म्हनला. पर तेरावा झाला की हजर व्हायचं, न्हाईतर दुसरा भरनार." मला बी.ए. पुरं करायचं होतं. आईनं चुलत्यांपुढे चहा सरकवला. रडूसुद्धा येईना, नुसता ओंडका झालो होतो.

दहाव्याला डोकं भादरलं. बाराव्या दिवशी माझी वर्गापुढे बोलायची पाळी होती. कॉलेजला जायला सायकल काढली तर चुलती ओरडली, "आरं, सुतकात कुटं शिवाशिव करत हिंडतूस!" म्हटलं, ओरडू दे. टोपी घरीच राहिली. माझं डोकं बघून वर्ग चिडीचूप झाला.

बोललो. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. इंग्लंडात राजा गेला की त्याच क्षणी वारस राजा होतो, जागा रिकामी राहतच नाही. अमेरिकेत उपाध्यक्ष उरलेली मुदत पुरी करतो. आपल्याकडे उपराष्ट्रपती काम बघतात, पण सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते. मागून एकानं विचारलं, "पण वारसाला व्हायचंच नसेल तर?"

उत्तर मला पाठ होतं. राजपद सोडता येतं, तसं घडलंही होतं. पण मी नुसती वहीची पानं उलटत राहिलो. शेवटी प्राध्यापकांनीच सांगितलं. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फी माफ करून घेऊ आपण. कॉलेज सोडू नका."

घरी येऊन आईला हे सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ती "नगं जाऊ" म्हणेल या आशेवर मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. तिनं भाकरी बांधून हातात दिली. "बिगीनं निघ," म्हणाली, "पयल्याच दिशी उशीर नगं."

निघालो. तेव्हा काहीच वाटलं नाही. राग आला तो पुढं, आणि सगळा तिच्यावरच आला.