संघपालच्या टाळूला काम मिळालं

संघपालच्या नाकात दुर्बीण होती आणि सर्जन सरांनी निकाल देऊनही टाकला होता. स्क्रीनकडे बघत ते म्हणाले की टाळू हलतच नाही, पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला घेऊन टाकू. संघपालनं नुसतं माझ्याकडे बघितलं. नाकात नळी असताना माणूस आणखी काय करणार?

मी अमरावतीला स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणजे बोलण्यातले दोष काढणारी. दुर्बिणीची सोय अकोल्याच्या हॉस्पिटलात, म्हणून त्याला घेऊन तिथे गेले होते. संघपाल धामणगावचा, वीज खात्यात लाइनमन, तिशीला टेकलेला. टाळू जन्मतः फाटलेली, लहानपणीच शिवलेली. शिवण उत्तम, पण बोलणं नाकातून. हा गडी खांबावर चढायला कधी भ्यायचा नाही, फोन उचलायला भ्यायचा.

त्यात त्याचं लग्न ठरलं. मुलगी प्रज्ञा, शाळेत शिक्षिका, तिनंच याला पसंत केलेलं. पण बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरा-नवरी स्वतः माइकवर त्रिशरण-पंचशील म्हणतात, प्रतिज्ञा घेतात, आणि अख्खा मंडप ऐकतो. संघपालच्या तोंडून ‘बुद्धं’चं ‘मुन्नं’ व्हायचं. विहारात तो जन्मभर नुसते ओठ हलवत आलेला. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मॅडम, हे नाई जमलं तं मी लग्न मोडतो. चारचौघात तिचं हसं नाई होऊ देत मी."

आता टाळूचं थोडं सांगते. आ केल्यावर पडजीभ लोंबताना दिसते ना, तो टाळूचा मऊ भाग. बोलताना तो वर उचलला जातो, घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाकडचं दार बंद होतं. म, न सोडले तर बहुतेक अक्षरांना हे दार बंद लागतं, नाहीतर हवा नाकातून पळते. टाळू फाटलेली लेकरं मग स्वतःच तोड काढतात. हवा वर जाऊच देत नाहीत, खाली घशातच अडवतात आणि तिथूनच झटका देऊन क, ट, प सगळं काढतात. संघपाल तीस वर्षं तेच करून राहिला होता.

सरांनी त्याला ‘काका’, ‘पापा’ म्हणायला लावलं होतं. त्यानं ते घशातूनच काढलं. टाळूला कामच नाही, तर ती कशाला हलेल?

मी सरांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मला स्क्रीनवर स्पष्ट दिसून राहिलं ना."

घशाच्या भिंतीचं मांस टाळूला जोडायचं ते ऑपरेशन चांगलंच आहे. गरज असली की मी स्वतः पेशंट पाठवते. पण घशातला झटका काही त्यानं जात नाही. मला राग आला. म्हटलं, दुर्बीण काढू नका, एक मिनिट द्या. संघपालला मी तोवर एकच आवाज नीट शिकवला होता, ‘स’. आधी नाक दाबून, मग सोडून.

"संघपाल, घसा सैल सोड. आपला तो लांब स."

तो ‘स्स्स’ म्हणाला आणि स्क्रीनवर टाळू उठली. भिंतीपर्यंत गेली. एका कोपऱ्यात थोडी फट राहिली, तेवढीच. सरांनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा उठली.

"किती वेळ पाहिजे तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"लग्नापर्यंत. उन्हाळ्यात आहे."

सर म्हणाले, नंतर गरज राहिली तर ऑपरेशन माझं. मी म्हटलं, राहिली तर.

मग आम्ही दोघांनी घाम गाळला. अक्षरं, मग शब्द, मग वंदना ओळीओळीनं. घाई केली की झटका परत यायचा. मी त्याला बह्याड, म्हणजे येडा, म्हटलंय, त्यानं मला हेडमास्तरीण. पण पोरगं एक दिवस चुकलं नाही.

लग्नात मी पुढच्याच रांगेत होते. संघपाल माइकसमोर उभा राहिला आणि माइकचा आवाज एकदम खाली! त्याच्या मोठ्या भावानं साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, याची पाळी आली की आवाज कमी कर. लहान भावाची लाज झाकायला, मायेपोटीच. संघपालच्या लगेच लक्षात आलं. त्यानं भावाकडे वळून बघितलं.

"दादा, आवाज वाढवाले सांग."

आवाज वाढला. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ मंडपभर गेलं. नाकाची जराशी झाक होती, पण ब तो ब, ग तो ग. प्रज्ञानं त्याच्या मागोमाग म्हटलं. त्याच्या आईनं पदर डोळ्यांना लावला, भाऊ खाली बघत राहिला. माझी छाती अभिमानानं भरून आली, उगाच कशाला लपवू? शेजारची बाई मात्र मला विचारत होती, पंगत कधी बसून राहिली म्हणून. तिला काही वेगळं ऐकूच आलं नव्हतं. माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

पुढे दुर्बीण पुन्हा झाली. ती फट जवळपास बुजली होती, ऑपरेशन लागलं नाही. सर आता पेशंट ऑपरेशनला घेण्याआधी मला फोन करतात. मी प्रत्येक वेळी एवढंच विचारते, टाळू हलत नाही म्हणता, पण तिला काम दिलं का?