नवागामची मतं

त्या वर्षी मतदार यादीच्या कामाला आम्हा पालिका शाळेतल्या शिक्षकांना जुंपलं होतं. माझ्या वाट्याला शहरातली नवागाम ही कामगारवस्ती आली. घरोघर जायचं, अठरा पूर्ण झालेलं कोण कोण आहे ते विचारायचं आणि अर्ज भरून घ्यायचे. वस्ती बहुतेक खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्यांची. ज्या दारात जावं तिथे एकच उत्तर, "आमचं नाव गावाला आहे, बाई."

एका घरी नवरा रात्रपाळी करून नुकताच उठला होता. बायको दारात भांडी घासत होती. त्यानेही तेच सांगितलं.

"मग मत द्यायला गावाला जाता?" मी विचारलं.

"सुट्टी कोण देतंय?"

"तर इथे लावू या. दोन्हीकडे ठेवता येत नाही."

तो गंभीर झाला. "नको. तिकडचं नाव निघालं म्हणजे गाव तुटलं. म्हातारपणी तिकडेच जायचंय आम्हाला."

मी अर्ज पिशवीत ठेवायला लागले, तेवढ्यात बायको राखेचे हात तसेच धरून उठली. "आठे नळले पानी येस नही," दारातल्या कोरड्या नळाकडे बोट दाखवत ती नवऱ्याला म्हणाली, "ते का गावले जाईसन सांगू?"

तो चहाचा कप हातात फिरवत राहिला. मग हसला आणि मला म्हणाला, "लिहा बाई. आधी तिचं लिहा."

दोघांचे अर्ज भरले. मी निघाले तर ती हात धुऊन माझ्याबरोबर चालू लागली. मी ज्या दारांवरून हात हलवत परतले होते, तिथे ती थेट स्वयंपाकघरात शिरायची आणि अहिराणीत काहीतरी सांगून बायकांना बाहेर घेऊन यायची. नव्या सुना लाजत वय सांगत. संध्याकाळी माझे अर्ज संपले. पाय दुखत होते, पण घरी जाताना मी रिक्षात गुणगुणत होते.

मतदानानंतर काही दिवसांनी ती मला बाजारात भेटली. बोटावरची शाई अजून होती. तिने ते बोट माझ्यापुढे धरलं.

"कोनले मत दिधं म्हनीसन रोज इचारस तो," नवऱ्याबद्दल ती म्हणाली. "मी काय सांगस नही."

आणि भाजीवालीसमोरच आम्ही दोघी पोट धरून हसलो.