आपाने भरलेले फॉर्म

आपाला बाईचं नाव आठवायचं नाही, मनगट आठवायचं. गावात शिरताना ओट्यावर बसलेल्या एखादीकडे बघून ती हळूच म्हणायची, "हे अडीचवाली होती. दिवाळीले सव्वादोनच्या भरल्या इनं." बांगडीच्या मापातलं मला काही कळत नसे. मग तिने एकदा समजावून सांगितलं की अडीचची बांगडी घालणारी सव्वादोनवर आली, म्हणजे हाताचं मांस गेलं. "तुमच्या काट्यावर उभं राहाले बाया लाजतात. माह्यासमोर हात तं करावाच लागते ना."

आपा वरवट बकालची मनियारीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून डोक्यावर टोपली घेऊन आसपासच्या गावांतून बांगड्या भरत हिंडायची. पाटलांच्या माजघरापासून वस्तीच्या टोकाच्या झोपडीपर्यंत तिला कुठेच अडवणूक नव्हती. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. मराठी वाचायला शिकली ती बांगड्या गुंडाळायच्या रद्दी वर्तमानपत्रांवरून. अक्षर मोठं आणि सावकाश, प्रत्येक शब्दाला वेगळा श्वास घेतल्यासारखं. बीटी कपाशी येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कापूस पिकवणाऱ्या गावांतल्या बायकांना फवारणीच्या औषधांबद्दल काय माहिती आहे, त्या काय खातात, काय सोसतात, याची पाहणी करायला एका संस्थेने माणसं नेमली. घरात जाऊन बायकांशी बोलू शकेल अशी लिहिता येणारी स्थानिक बाई हवी होती. अशी आपा आमच्यात आली. मी तिची पर्यवेक्षक. वय चोवीस, बुलडाण्यातल्या एका कारकुनाची मुलगी, हातात समाजकार्याची नवी कोरी पदवी.

फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न होता, "कीटकनाशकांचे आरोग्यावर होणारे दुष्परिणाम आपणास माहीत आहेत का?" मी विचारला की बाई म्हणायची, "नाही बाप्पा." मी 'नाही'वर गोल करून पुढे सरकायची. आपा तो प्रश्न फॉर्मवर तसाच ठेवायची आणि बाईला भलतंच विचारायची. "फवारणीचे कपडे कोण धुते तुह्या घरी? धुतल्यावर हाताले का होते?" की मग बाई बोलायला लागायची. हात भाजल्यासारखे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, तान्ह्या लेकराला पाजायला घेतलं की ते तोंड फिरवतं. औषधाचे रिकामे डबे घासून त्यात मीठ-मिरची ठेवतात हेही त्यातच कळायचं. हे सगळं लिहून झाल्यावर आपा 'होय'वर गोल करायची आणि माझ्याकडे बघायची. "मालूम तं सगळं हाय त्यायले. शब्द मालूम नाई तुमचा."

उपाशी राहण्याबद्दलचा प्रश्न असाच. गेल्या महिन्यात घरात कुणाला उपाशी झोपावं लागलं का, असं विचारलं की घरोघरी 'नाही' यायचं. दारात आलेल्या परक्या बाईला कोण सांगणार? आपा विचारायची, "तू शेवटी जेवते ना वं? मंग भाजी उरते का भांड्यात?" बाई पदर तोंडाशी धरून हसायची. त्या हसण्याचं उत्तर आपा लिहून घ्यायची. परतताना मला सांगायची, की पूर्वी घरामागे अंबाडी असायची, वालाचे वेल असायचे, शेताच्या धुऱ्यावर ज्वारीची चार ताटं असायची. आता कपाशी थेट भिंतीला येऊन टेकली. "पांढरं सोनं म्हणतात. खाऊन पाहा म्हणा."

तिचा एक नियम होता, तो तिने पहिल्याच दिवशी मला सांगितला होता. प्रश्न विचारून जे कळेल ते कागदाचं. बांगड्या भरताना बाई जे बोलेल ते कागदाचं नाही. सकाळी ती टोपली घेऊन यायची, दुपारी फॉर्मचं पॅड. मला यात काही अर्थ वाटत नव्हता. माहिती ती माहिती, असं मी म्हणायची. आपा वाद घालायची नाही. "तुले पगार कागदाचा हाय, बेटा. मले या गावात मरेस्तोवर यायचं हाय," एवढंच म्हणाली होती.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. पूर्णेच्या बाजूचं, शेदीडशे घरांचं गाव. तिथल्या एका सुनेला मी मंदा म्हणेन, तेही तिचं खरं नाव नाही. एकविशीची, दोन वर्षांची एक मुलगी. तिच्या फॉर्मवर आपाच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'फवारणीचं पाणी भरताना औषध अंगावर सांडलं, दवाखान्यात आठ दिवस.' आणि महिना लिहिला होता वैशाख.

वैशाखात शेतं उघडी असतात. कपाशी पेरलेली नसते, तर फवारणी कुठली? चूक सापडल्याचा मला आनंदच झाला. मी आपाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "घरात मांगल्या सालचं उरलं होतं. घेतलं तिनं. लोकायले सांगतलं सांडलं म्हणून. नणंदेची सोयरीक चालू हाय, उगा बोभाटा नको."

"मग तसं लिहायला हवं, आपा. त्यासाठी वेगळा रकाना आहे."

"तिनं मले कागदासाठी नाई सांगतलं. हात माह्या हातात होता तवा सांगतलं."

"खोटी माहिती चालत नाही."

"मंग नको लिहू. हे घरच सोडून दे. लिही, दार बंद होतं. चालते ना थे?"

चाललं असतं. कितीतरी घरांवर आम्ही तसं लिहिलं होतं. पण मी ते ऐकलं नाही. काही घरांना पर्यवेक्षकाने स्वतः पुन्हा जाऊन खात्री करावी असा आमचा नियम होता, आणि दुसऱ्या दिवशी आपा दुसऱ्या गावी असताना मी मंदाच्या घरी गेले.

ओसरीवर सासू तूर निवडत बसली होती. शेजारची एक बाई सोबतीला होती. मंदा आत होती, तिला बाहेर बोलावलं. सुरुवातीचे प्रश्न नीट झाले. मग मी फॉर्ममध्ये बघत, वर न बघता, शिकवल्याप्रमाणे स्पष्ट आवाजात विचारलं, "औषध अंगावर सांडलं होतं, की तुम्ही स्वतः घेतलं होतं?"

सासूचा सुपातला हात थांबला. शेजारीण आधी मंदाकडे, मग सासूकडे बघायला लागली. मंदा खाली बसली. सासूने मला एवढंच विचारलं, "कोनं सांगतलं तुमाले?" उत्तर द्यायची गरजच नव्हती. आदल्या दिवशी त्या घरात कोण येऊन गेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. नणंदेच्या सोयरिकीकडून निरोप आला की थोडं थांबू. घरातल्यांनी ठरवलं की मंदाला माहेरी पोचवून द्यायचं आणि मुलगी इथेच ठेवायची. हे मला आपाने सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. "चल माह्यासंग," म्हणाली. "आणि तिथं तोंड उघडू नको."

आम्ही गेलो तेव्हा मंदाची पिशवी ओसरीवर भरून ठेवलेली होती. मुलगी सासूच्या मांडीवर होती. शेजारणी जमल्या होत्याच. आपा ओसरीवर चढली नाही, खाली अंगणातच उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय, चुकी माही हाय. मले मराठी लिहिता येते कुठं धड? दुसऱ्या घरचं इच्या कागदावर लिहिलं गेलं. या बाईनं वाचलं आणि विचारलं. तुह्या सुनेचं काही नाई त्याच्यात."

"कोनत्या घरचं?" शेजारणीने विचारलं.

"थे नाई सांगत मी. एक चुकी केली तेवढी बस्स झाली."

सासू बघत राहिली. तिला खरं माहीत होतं. आपा खोटं बोलते आहे हेही माहीत होतं, आणि का बोलते आहे हेही तिला कळलं असणार. तिने मुलीला मांडीवरून उतरवलं आणि आपाला शिव्या द्यायला सुरुवात केली. गावातल्या लेकीसुनांची अब्रू घेते, घरोघरचं ऐकून कागदावर चढवते, पुन्हा टोपली घेऊन या शिवेत पाय ठेवलास तर बघ. आपा मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. सासूचा आवाज चढत गेला तशी मंदाची पिशवी कुणीतरी उचलून आत नेली. आपाने ते पाहिलं आणि मगच ती वळली.

मी तोंड उघडलं नाही. तिने सांगितलं होतं म्हणून नाही उघडलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

गावातून संस्थेकडे तक्रार गेली. साहेबांनी मला लेखी विचारलं, सदर महिलेने चुकीची माहिती भरली हे खरे आहे काय? मी 'होय' लिहिलं आणि सही केली. आपाला कमी केलं. तिने भरलेले सगळे फॉर्म अविश्वसनीय ठरवून बाजूला काढले गेले. अंबाडी, रिकामे डबे, तोंड फिरवणारी तान्ही लेकरं, सगळं त्या गठ्ठ्यात गेलं. नंतर अहवाल छापून आला. त्यात लिहिलं होतं की या भागातील महिलांमध्ये कीटकनाशकांविषयी जाणीव अत्यंत कमी आहे.

आपाची टोपली त्या गावापुरतीच बंद झाली नाही. बायकांचं बोलणं कागदावर चढवणारी म्हणून तिचं नाव आसपासच्या गावांतही पोचलं. पुढे ती धाड गावाला लेकीकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. मी बुलडाण्यातच होते. धाडला जायला किती वेळ लागतो? मला आठ वर्षं लागली.

गेले तेव्हा आठवडी बाजार होता. लेक बांगड्यांचं दुकान मांडून बसली होती. तिने मला घर दाखवलं. आपा बाजेवर बसलेली होती. साखरेने तिचे डोळे गेले होते. आवाजावरून मला ओळखलं आणि "बस" म्हणाली. मी खूप दिवस जुळवून ठेवलेली माफी बोलायला लागले. तिने ती पुरी होऊ दिली नाही.

"मंदाचं मालूम हाय का तुले?"

"नाही."

"मेली थे. त्याच्यानंतर तिसऱ्या साली. वैशाखच होता. लोकायनं सांगतलं, औषध सांडलं अंगावर. मी जे लिहिलं होतं ना, थेच."

बाहेर बाजाराचा गलका चालू होता. आपा माझ्या दिशेने तोंड करून बसली होती, पण जरा चुकीच्या दिशेने.

"मी इथं बसल्या बसल्या तेच पाहून राह्यली," ती म्हणाली. "तवा जर मी झाकलं नसतं, तिले माहेरी जाऊ देलं असतं. लेकराबिगर रडली असती, पण जिती राह्यली असती का? तू शिकलेली हायस. सांग मले. माह्यामुळं झालं का थे?"

मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. मी म्हणाले, "नाही आपा. तुमच्यामुळे नाही."

तिने मान हलवली. मला वाटलं, तिला बरं वाटलं.

"तू बी झाकाले शिकली," ती म्हणाली, आणि लेकीच्या मुलाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.