'टेक आऊट वॉटर' लिहिलं आणि फसले

मंडळी, आज दुपारी एक ईमेल आला आणि मी अंगणात उडीच मारली.

आमचं गाव मार्कंड्याजवळ, घरोघरी मासेमारी. आठवडाभरापासून तलावातले मासे मरून वर येत आहेत. पाणी तपासणारी प्रयोगशाळा परराज्यात, म्हणून मी इंग्रजीत ईमेल केला. तपासायला थोडं पाणी काढायचंय, म्हणून त्यात लिहिलं, 'टेक आऊट वॉटर'. उत्तर आलं, आम्ही तलाव उपसून देत नाही!

आई म्हणाली, "तुया बीएचा काय उपेग वो?" खरं सांगते, रडू आलं.

आज सकाळी शेजारच्या कुंदाबाईंकडे गेले. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. ईमेल वाचून त्या हसल्या नाहीत.

"तू मराठीतला एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवून राह्यली," त्या म्हणाल्या. "कोणता शब्द कोणासंग बसते, ते पाह्य. सॅम्पलसंग कलेक्ट. रिक्वेस्टसंग मेक."

त्यांच्या ओट्यावरच चार ओळी पुन्हा लिहिल्या. तिथूनच पाठवून दिल्या.

तीन तासांत उत्तर आलं. ते नमुन्यासाठी बाटल्या पाठवत आहेत, पाणी कसं भरायचं तेही समजावलंय. आईला वाचून दाखवलं.

"आता मासे वाचतीन न वो?"

"मले नाई माहीत, आई. पण कारण तं समजन."

ती बचत गटातल्या बायांना सांगायला लगेच निघाली.

तुमच्या ईमेलात अशी कोणती जोडी चुकली होती? लाजू नका, लिहा. मी अजून शिकतेय.