पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर आणि उराडे मॅडमचा हट्ट

डॉ. शकुंतला उराडे यांची आणि माझी पहिली भेट चंद्रपूरच्या आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, ऐन मे महिन्यात झाली. मॅडम डोक्यावर ओला रुमाल घेऊन स्टुलावर पेपर तपासत बसल्या होत्या. विभागातला एकुलता एक एसी उंदरांच्या खोलीत होता. मी पीएच.डी.साठी विचारायला आरमोरीकडून तीन तास एसटीत उकडून आले होते. म्हटले, दोन मिनिटे आत बसू का? मॅडम म्हणाल्या, सर्दी नाही ना, आंघोळ केली आहे ना, धुतलेला कोट आणला आहे ना? त्या थट्टा करत नव्हत्या. मी तेव्हाच परतीची एसटी धरायला हवी होती.

मॅडमचा विषय ॲलर्जीचा. धानाच्या मळणीत आमच्याकडे घरोघरी माणसे शिंकतात, धापा टाकतात. मॅडमच्या आईंना तोच त्रास होता, आणि मॅडमनाही. शरीरात ॲलर्जीचे एक प्रतिपिंड असते, आयजीई. त्याला घट्ट पकडणारा, पेशींवर बसलेला रिसेप्टर शिंका, खाज, दमा सुरू करतो आणि बहुतेक संशोधक त्याच्याच मागे असत. मॅडम भलत्याच्याच मागे लागल्या. आयजीईला सैलसर धरणारा दुसरा एक रिसेप्टर आहे. तो हे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींना ‘आता पुरे’ असे सांगत असावा, असे त्यांचे म्हणणे. तो नसलेले उंदीर हैदराबादकडच्या एका प्रयोगशाळेतून रेल्वेने आले. ते आणि साधे उंदीर, दोघांनाही ॲलर्जी आणणारे एकच प्रथिन टोचायचे आणि रक्तातले आयजीई मोजायचे, हे माझे पीएच.डी.चे काम. माझे वडील तलावात मासे धरतात. ते दर सुटीत विचारायचे, ‘तुह्या उंदराईचं झालं का नाई?’

तीन वर्षांनी झाले. रिसेप्टर नसलेल्या उंदरांचे आयजीई साध्या उंदरांपेक्षा भलतेच चढले होते. प्रबंध टाईप झाला. एका महाविद्यालयात कायम प्राध्यापकाची जागा निघाली होती; प्रबंध सादर झाला की मुलाखतीला बसता येणार होते. घरात पहिली पगाराची नोकरी! बाबांनी गावभर सांगूनही टाकले होते.

सादर करायच्या आदल्या दिवशी मॅडम उंदरांच्या खोलीत गेल्या आणि बाहेर येऊन शिंकल्या. बस, तेवढ्यावरून त्यांनी सगळे पिंजरे उघडले. पिवळ्या चिठ्ठीच्या, म्हणजे रिसेप्टर नसलेल्या, प्रत्येक उंदराच्या खाली लाकडाच्या भुशाऐवजी नव्या धानाचे तणस, म्हणजे पेंढा होता. पिंजरे साफ करणारे आमचे डोमाजीभाऊ दर हिवाळ्यात ते घरून आणत होते; टोचायला उंदीर तेच मला टेबलावर आणून देत, म्हणून मी पिंजऱ्यात कधी डोकावले नव्हते. का, तर मॅडमनीच एकदा त्यांना सांगितले होते की या उंदरांत एक गोष्ट कमी आहे. डोमाजीभाऊंना त्या उंदरांची दया आली. ‘कमी हाये म्हटलं तर बिचाऱ्याईले थोडं नरम देलं, बाई,’ एवढेच ते म्हणाले.

आता चढलेले आयजीई रिसेप्टर नसल्यामुळे की तणसाच्या धुळीमुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मी म्हटले, मॅडम, हे कोणाला कळणार आहे? मॅडम म्हणाल्या, ‘आपल्याला कळलं ना.’ प्रबंध त्यांनी कपाटात ठेवला. डोमाजीभाऊंना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चिठ्ठी लावली मी, अर्धवट सांगितले मी, चूक माझी, असे सर्वांसमोर म्हणाल्या. प्रयोग पहिल्यापासून. पिंजऱ्यांना नुसते आकडे, आणि दर सोमवारी डोमाजीभाऊंना शेजारी बसवून आठवड्याचे काम समजावून सांगणे. माझी मुलाखत हुकली. मी घरी जाऊन दोन दिवस रडले.

तिसऱ्या दिवशी मॅडम एसटीने आमच्या गावात हजर. त्यांनी बाबांना सांगितले, पोरीचे काही चुकले नाही, माझे चुकले. बाबांनी मासे रांधायला लावले. मॅडम काटे काढत चवीने जेवल्या आणि मला सोबत घेऊनच चंद्रपूरला परतल्या.

पुढे दीड वर्षाने उत्तर आले. तेच! रिसेप्टर नसला की आयजीई चढते. फरक आधीपेक्षा लहान, पण खरा. मी चिडून म्हटले, यासाठी दीड वर्ष घातले? मॅडम म्हणाल्या, ‘तेव्हा तू अंदाज सांगत होतीस. आता माहीत आहे.’ मला नोकरी लागायला आणखी चार वर्षे गेली. ती चार वर्षे मी मॅडमवर मनातल्या मनात धुमसत होते, आणि खरे सांगायचे तर नंतरही.

मॅडम सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या. प्रोफेसरकीचा अर्ज का नाही केलात, असे मी कितीदा टोचून विचारले असेल. फॉर्म भरायचा कंटाळा, हे ठरलेले उत्तर. या लेखासाठी गेल्या महिन्यात डोमाजीभाऊंना भेटले, तेव्हा ते म्हणाले, ‘फारम भरला होता बाईनं. त्याच्यात तेच उंदराईचं लिवलं होतं. शिंकल्या त्याच दिवशी माह्याच हातानं हापिसातून वापस आणवला. पोरीले सांगू नको म्हने.’

अठरा वर्षे मी एकाच जागेचा हिशेब धरून बसले होते. त्या दिवशी दोघींच्या जागा गेल्या होत्या, आणि माझ्या घरी येऊन मासे खाताना मॅडमनी त्यातला एक शब्द काढला नाही. मॅडम, मला तुमचा अतोनात राग आला आहे आणि आता तो कुठे ठेवावा तेही कळत नाही. हा लेख तुम्ही तपासणार, हे मला ठाऊक आहे. मागचा परिच्छेद खोडायचा नाही. त्याला साक्षीदार आहे. तुम्ही धडधाकट राहा, शंभरी पाहा, आणि प्रत्येक मळणीला शिंकत राहा. तुमच्याशी मला अजून बरेच भांडायचे आहे.